लाल पट्टी आणि पेन ड्राइव्ह

प्रश्न : आमच्या संस्थेचं पगारपत्रक एक्सेलमध्ये आहे. एका सहकाऱ्याने त्यात मॅक्रो (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम) लिहून दिलेत. बटण दाबलं की रजा, कपात सगळं मांडून येतं. पण फाइल मेलने आली की वर लाल पट्टी दिसते आणि बटण ढिम्म हलत नाही. पूर्वी पिवळी पट्टी यायची, तिच्यावरचं ‘एनेबल कन्टेन्ट’ दाबलं की भागायचं. तीच फाइल त्याने पेन ड्राइव्हवर दिली तर मात्र मुकाट चालते. हा काय प्रकार आहे? आणि मेलने आलेली फाइल चालवायची कशी?

उत्तर : लाल पट्टी आली म्हणजे एक्सेलने मॅक्रो वाचून काही निवाडा केला, असं समजू नका. फाइल कुठून आली, एवढंच त्याने पाहिलेलं असतं. मेलमधून किंवा ब्राउझरमधून उतरवलेल्या फाइलला विंडोज ‘झोन आयडेंटिफायर’ नावाची चिठ्ठी डकवतं. तीत आकडा ३ असला की फाइल इंटरनेटवरची. चिठ्ठी मजकुरात नसते. एनटीएफएस पद्धतीच्या (विंडोज डिस्कवर फाइली साठवायची ही नेहमीची पद्धत) डिस्कवर ती फाइलला जोडून ठेवलेली असते. तुमच्या सहकाऱ्याने फाइल स्वतःच्या संगणकावर बनवली, म्हणजे तिला चिठ्ठी मुळात नव्हतीच. असती तरी पेन ड्राइव्हवर गळाली असती, कारण तो बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचा असतो आणि तिथे चिठ्ठीला जागाच नाही. मॅक्रो मात्र आहे तसाच येतो, चांगला असो वा वाईट. म्हणून अनोळखी फाइल पेन ड्राइव्हवरून फिरवून आणायची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका.

इंटरनेटवरून आलेल्या फाइलींवरची पिवळी पट्टी गेली २०२२ मध्ये. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारीत जाहीर केलं, एप्रिलपासून बदल पोचवायला सुरुवात केली, जुलैत माघार घेतली आणि त्याच महिन्यात पुन्हा लागू केलं. एवढी धरसोड करायला नको होती, पण निर्णय मला पटतो. १९९९ मधला ‘मेलिसा’ हा मॅक्रो व्हायरस वर्डच्या फाइलमधूनच पसरला. फाइल उघडणाऱ्याच्या पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या पन्नास जणांना तो स्वतःच मेल पाठवायचा. पुढे ‘इमोटेट’ नावाचा घातक प्रोग्राम पसरवणारे तर फाइलमध्येच सूचना छापू लागले : मजकूर दिसत नसेल तर वरचं पिवळं बटण दाबा. आणि लोक दाबायचे! लाल पट्टीवर ते बटणच ठेवलेलं नाही.

आता तुमचं काम. आधी सहकाऱ्याला फोन करून विचारा, फाइल तूच पाठवलीस ना? मेलला उत्तर देऊन विचारू नका. खातं दुसऱ्याच्या हाती गेलं असेल तर ‘हो’ तोच कळवेल. खात्री पटली की एक्सेल बंद करा, फाइलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, आणि ‘जनरल’मध्ये तळाशी ‘अनब्लॉक’वर खूण करून ओके. चिठ्ठी निघाली.

फाइल दर महिन्याला येत असेल तर फक्त तिच्यासाठी एक फोल्डर करा आणि एक्सेलच्या सेटिंग्जमध्ये ‘ट्रस्ट सेंटर’ असतं, त्यातल्या ‘ट्रस्टेड लोकेशन्स’मध्ये त्याची नोंद करा. ‘डाउनलोड्स’ची नोंद कधीही नको, तिथे सगळा गावगोळा येऊन पडतो. संस्थेचे संगणक सांभाळणारं कुणी असेल तर सहकाऱ्याच्या मॅक्रोवर डिजिटल सही करून घ्या. मग ती सही विश्वासू म्हणून एकदा नोंदवली की दर महिन्याचा अनब्लॉकचा खटाटोप उरत नाही. मॅक्रोत नंतर काही बदललं तर सही पुन्हा करावी लागते.

प्रश्न : फाइलच्या नावाच्या शेवटचं एक्सएलएसएम (मॅक्रोवाल्या फाइलची खूण) खोडून एक्सएलएसएक्स (साध्या फाइलची) लिहिलं तर पट्टी जाईल का?

उत्तर : पट्टीच काय, फाइलही जाईल! एक्सेल ती उघडणारच नाही. ‘सेव्ह ॲज’ने एक्सएलएसएक्स केलीत तर उघडेल, पण त्या प्रकारात मॅक्रो राहतच नाहीत. नुसते आकडे हवे असतील तर मात्र ‘सेव्ह ॲज’ उत्तम.