मिशनरी जोडपी परदेशात 'मंडळी स्थापन' करतात, म्हणजे चर्च बांधतात का?

नाही हो. पुण्यात पंचहौद चर्चचा मनोरा पाहत वाढलेल्यांना तसं वाटतं खरं, पण मंडळी म्हणजे माणसं. सुरुवात बहुधा कुणाच्या तरी घरात, चार-पाच जणांच्या प्रार्थनेनं होते. त्याआधी पुष्कळ काळ भाषा शिकण्यातच जातो. खर्चाचं म्हणाल, तर अनेकांना ठरलेला पगार नसतो. मायदेशातल्या मंडळ्या आणि ओळखीचे लोक दरमहा काहीतरी देतात, म्हणून सुट्टीवर आलं की त्यांच्याकडे फेऱ्या आल्याच.

अ‍ॅडोनिराम आणि अ‍ॅन जडसन हे अमेरिकन जोडपं १८१३ मध्ये बर्मातल्या (आताच्या म्यानमारमधल्या) रंगूनला पोचलं. तिथला त्यांचा पहिला बाप्तिस्मा, म्हणजे कुणाला तरी ख्रिस्ती करून घेण्याचा विधी, झाला १८१९ मध्ये! आणि अ‍ॅन नुसती 'मिशनरीची बायको' नव्हती. बर्मी शिकून तिनं भाषांतरंही केली. (तरी नाव घेतात ते नवऱ्याचंच. मला हे खटकतं.)

सगळ्यात अवघड काम शेवटी येतं: मंडळी स्थानिक पाळकाच्या (म्हणजे पास्टरच्या) हाती देऊन स्वतः बाजूला होणं. बऱ्याच जणांना ते जमत नाही.

आणखी खोलात जायचं असेल तर पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरीत (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थेत) जाऊन विचारा.