लहान पाठपिशवीत आणीबाणीचे साहित्य

प्रश्न : मी ६० लिटरची पाठपिशवी सोडून ३५ लिटरची घेतली आहे. साहित्य वजनाने हलके आहे, तरीही ते मावत नाही. काय करावे?

उत्तर : हलकी वस्तू कमी जागा घेतेच असे नाही. स्लीपिंग बॅग तिच्या गोल पिशवीत घट्ट आवळून ठेवली, तर भोवतीचे कोपरे रिकामे राहतात. त्यापेक्षा ती जलरोधक पिशवीत सैल भरून तळाशी दाबावी, म्हणजे ती कोपऱ्यांत आपोआप पसरते. तंबूचे कापड आणि दांड्या वेगळ्या कराव्यात, दांड्या एका कडेला उभ्या सरकवाव्यात. भांड्याची पोकळी तर हमखास वाया जाते. ७५० मिलिलिटरच्या भांड्यात गॅसची लहान डबी, घडीचा स्टोव्ह आणि लायटर बसतो, आणि खडखडाट होऊ नये म्हणून मध्ये रुमाल खोचावा. पाण्यासारख्या जड वस्तू पाठीलगत ठेवाव्यात.

मात्र जागेसाठी प्रथमोपचाराचे साहित्य, शिट्टी, विजेरी किंवा अंगाची ऊब टिकवणारे आणीबाणीचे पातळ, चकचकीत पांघरूण वगळू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. ते पांघरूण घडी केल्यावर तळहातावर मावते. वगळायचेच असेल, तर जादा कपड्यांचा जोड वगळावा. कोरडे मोजे मात्र राहू द्यावेत.