तलवारबाजीचं पहिलं सामान: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी नऊ वर्षांची आहे, दोन महिन्यांपासून तलवारबाजी शिकते. फॉईल, ईपी की सेबर, या तीन हत्यारांपैकी कोणतं, हे अजून ठरलेलं नाही. पूर्ण किट आत्ताच घ्यावं का?

उत्तर: नको. तिन्हींत चालेल तेवढंच आत्ता घ्या: मास्क, ग्लोव्ह, जॅकेट, आतला प्लॅस्ट्रॉन (जॅकेटखाली हत्याराच्या बाजूला घालायचं अर्धं संरक्षक जॅकेट) आणि मुलगी असल्यामुळे छातीचं कडक कवच. साध्या सरावाला ३५० न्यूटनचं (हे कापड भोसकायला लागणाऱ्या जोराचं माप) कापड पुरतं.

सगळ्यात जास्त वेळ मास्कवर घालवा. पट्टा लावून तिला मान जोरात खाली झटकायला सांगा. मास्क घसरला तर तो मोठा आहे. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून एक साइज मोठा घेणं कपड्याला थोडंफार खपून जातं, मास्कला नाही. ग्लोव्ह फक्त हत्याराच्या हातात लागतो. त्याची कड बाहीवरून मनगट आणि कोपर यांच्या मध्यापर्यंत यायला हवी. आखूड असेल तर समोरच्याचं टोक सरळ बाहीत शिरतं. जॅकेटची चेन हत्याराच्या हाताच्या विरुद्ध बाजूला असते, म्हणून ती डावखुरी असेल तर दुकानात आधी तेच सांगा. प्लॅस्ट्रॉनला काखेत शिवण नसते, कारण मोडलेलं पातं घुसण्याचा धोका तिथेच असतो. तो जॅकेटमध्येच आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

पातं प्रौढांचं, म्हणजे ५ नंबरचं, घेऊ नका. फॉईल आणि ईपीत ते ९० सेंटीमीटरचं असतं. या वयाला ० किंवा २ नंबर बरा. २ नंबर साधारण साडेब्याऐंशी सेंटीमीटर भरतो. लांब पात्याचं टोक खाली लोंबतं, ते सावरायला मूल खांदा उचलतं आणि मग ती खोड सुटता सुटत नाही.

प्रश्न: इलेक्ट्रिक सामानात तिन्हींचा फरक काय?

उत्तर: हत्याराचा स्पर्श विजेच्या यंत्रावर नोंदला जातो, आणि लक्ष्य म्हणजे जिथला स्पर्श मोजला जातो तो भाग. ईपीत सगळं अंग लक्ष्य, त्यामुळे धातूचं जॅकेट, म्हणजे लामे, लागतच नाही. फॉईलला फक्त धडाचा लामे आणि मास्कच्या गळपट्टीचा खालचा भाग वीजवाहक. सेबरला बाह्यांसकट लामे, पूर्ण वीजवाहक मास्क आणि ग्लोव्हलाही तशीच कड. खर्च सेबरला जास्त, हे उघड आहे. पण तेवढ्यासाठी मुलीला ईपीत ढकलू नका.

प्रश्न: नवीन फॉईल घेतलं, पण जुनी बॉडी वायर (हत्यार यंत्राला जोडणारी, जॅकेटच्या आतून जाणारी वायर) त्यात बसत नाही. फॉईल खराब आहे का?

उत्तर: बहुतेक नाही. फॉईलच्या सॉकेटचे दोन प्रकार असतात: दोन पिनांचं आणि दाबून फिरवायचं बायोनेट. तुमची वायर एका प्रकारची, सॉकेट दुसऱ्या. क्लबात जास्त जण वापरतात तोच प्रकार ठेवा, म्हणजे स्पर्धेच्या दिवशी वायर तुटली तर उसनी मिळते. फॉईलची वायर सेबरला चालते. ईपीची मात्र वेगळी, दोन्ही टोकांना तीन पिनांची.