वाचकांचे प्रश्न : सातवीच्या इतिहासाची तासिका

प्रश्न : जूनपासून मी सातवीला इतिहास शिकवणार आहे. वर्गात ५८ मुले आहेत, आठवड्याला तीन तासिका आहेत आणि प्रत्येक तासिका ३५ मिनिटांची आहे. पहिल्याच दिवशी नियमांचा तक्ता लावला नाही तर वर्ग डोक्यावर बसतो, असे सहकारी सांगतात. मी बारा नियम लिहून ठेवले आहेत. ते पुरेसे आहेत का?
– एक शिक्षिका, मुलुंड

उत्तर : बारा नियम फार झाले. आठवड्याभरात त्यांतले चार तुमच्याच लक्षात राहणार नाहीत, आणि बाईंच्या लक्षात काय राहत नाही हे मुलांना सर्वांत आधी कळते. तीन नियम ठेवा. घंटा झाली की वही उघडायची; एक जण बोलत असताना दुसऱ्याने तोंड घालायचे नाही; आणि इतिहासातल्या कोणत्याही व्यक्तीविषयी, मग ती कोणत्याही बाजूची असो, नीट भाषेत बोलायचे. बाकीची शिस्त तासिका रोज त्याच क्रमाने सुरू झाल्याने आणि त्याच क्रमाने संपल्याने येते.

खरी अडचण सुरुवातीच्या पाच-सात मिनिटांची असते. आधीचा तास खेळाचा असला तर मुले घामाघूम होऊन येतात, पाण्याच्या बाटल्या फिरतात, आणि तुम्ही मागच्या वर्गातून जिना चढून येईपर्यंत वर्गाचा बाजार झालेला असतो. म्हणून फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एकच प्रश्न तयार असू द्या. सकाळी वर्गप्रतिनिधीच्या हाती चिठ्ठी दिली की तो घंटेआधी तो प्रश्न लिहून ठेवतो. तुम्ही दारात पाऊल टाकाल तेव्हा निम्म्या माना खाली असतील, आणि हजेरीही त्याच वेळात उरकते.

प्रश्न मात्र चावून पाहण्याजोगा हवा. मी गिरणगावातल्या एका शाळेत असताना दरवर्षी पहिल्या आठवड्यात फळ्यावर दोन ओळी लिहून घेत असे : ‘शिवाजी महाराजांचा जन्म, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. राज्याभिषेक, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. दोन्हींचे इसवी सन काढा.’ शकात ७८ मिळवायचे हे कोणीतरी सांगतेच. त्याप्रमाणे राज्याभिषेकाचे १६७४ बरोबर येते, पण जन्माचे १६२९ येते, आणि पुस्तकात तर १६३० छापलेले असते. मग कुजबुज सुरू होते, पुस्तक चुकले असेही एखादा छातीठोकपणे सांगतो. शकाचे वर्ष चैत्रात बदलते आणि इसवी सन जानेवारीत, त्यामुळे फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष पुढे गेलेले असते आणि तिथे ७९ मिळवावे लागतात, हे कोड्याचे उत्तर शक्यतो मुलांनाच सापडू द्या. वार्षिक परीक्षेपर्यंत ते विसरले जात नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

वहीच्या बाबतीतही एकच अपेक्षा ठेवा आणि ती पहिल्या दिवशी फळ्यावर आखून दाखवा. उजव्या पानावर ‘काय घडले’ आणि डाव्या पानावर ‘हे आपल्याला कसे कळले’. सातवीच्या पाठ्यपुस्तकाचा पहिला पाठच इतिहासाच्या साधनांचा आहे, पण तो एकदा शिकवून बाजूला पडतो, तसे होऊ देऊ नये. राज्याभिषेकाचा पाठ आला की उजव्या पानावर ६ जून १६७४, रायगड, एवढे आले. डाव्या पानासाठी मुंबईच्या मुलांच्या हाताशी एक छान गोष्ट आहे : तेव्हा इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झिंडेन हा वकील मुंबईहून रायगडावर गेला होता, तो समारंभाला हजर होता, आणि सिंहासनाजवळ भाल्याच्या टोकावर न्यायाचे चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू पाहिल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. दुसरीकडे सभासदाची बखर आहे, जी महाराजांच्या निधनानंतर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली. एक परका पण डोळ्यांनी पाहणारा, दुसरा आपला पण मागाहून आठवून लिहिणारा. कोणाचे कशासाठी ऐकायचे, यावर सातवीची मुले चांगली भांडतात. भांडू द्यावीत.

भांडणावरून तिसऱ्या नियमाकडे येतो. अफझलखानाच्या पाठाला कोणीतरी मागच्या बाकावरच्या मुसलमान मुलाकडे वळून काहीतरी बोलते. हे घडण्याची वाट न पाहता जूनमध्येच सांगून ठेवा की वर्गात जे विधान करायचे ते त्या काळातल्या त्या माणसाबद्दल करायचे, शेजारच्या बाकाबद्दल नाही, आणि विधानाला डाव्या पानावर आधार लिहायचा. त्याच वर्षी खांदेरीचे प्रकरणही जरूर सांगा. १६७९ मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या त्या बेटावर महाराजांनी किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांशी झुंजणाऱ्या मराठी आरमाराचा एक प्रमुख दौलतखान होता. उपदेशाचे अर्धे काम हे एक नाव करते.

वह्या तपासण्याचे म्हणाल तर दर आठवड्याला ५८ वह्या कोणालाच जमत नाहीत. रोज एका रांगेच्या तपासा, आणि कोणती रांग ते तासिकेच्या शेवटी सांगा.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. इतिहासाचा गृहपाठ राहिला की त्याला तासभर वर्गाबाहेर उभे करतात. आता तो या विषयाचे नावच काढू देत नाही. शाळेशी वाकडे न घेता काय करता येईल?
– एक पालक, लालबाग

उत्तर : शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. मात्र पहिल्याच भेटीत कायद्याचे पुस्तक टेबलावर ठेवू नका. मधल्या सुट्टीत सरांना भेटून, ‘त्याचा गृहपाठ कशामुळे राहतो ते मला कळेल का?’ असे विचारा, कारण पुष्कळदा गृहपाठ सांगितला जातो तो घंटा होत असताना, आणि अर्ध्या वर्गाने तो उतरवूनच घेतलेला नसतो. तो पाच मिनिटे आधी फळ्यावर लिहावा आणि राहिलेला गृहपाठ वर्गातच, शेवटच्या बाकावर बसून पूर्ण करू द्यावा, अशी विनंती करा. बाहेर उभा असलेला मुलगा तो पाठही गमावतो, हे सरांनाही पटेल. तरीही प्रकार थांबला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्यात या कलमाचा उल्लेख करा.

प्रश्न : आठवीला महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीचा पाठ आहे. मुलांना हुतात्मा चौकात न्यायचे आहे, पण मागच्या सहलीत मुलांनी फक्त फोटो काढले.
– एक शिक्षक, अंधेरी

उत्तर : फोटोंना बंदी घालू नका, ते शेवटी ठेवा. आधी प्रत्येक मुलाने वहीत स्मारकाचे चित्र काढावे, वाकडेतिकडे चालेल. चित्र काढताना मशाल धरणारे दोघे आहेत, एक शेतकरी आणि एक कामगार, हे डोळ्यांना दिसतेच, आणि मग मुंबईसह महाराष्ट्रासाठीच्या लढ्यात हे दोघे एकत्र का आले हा प्रश्न तिथेच उभे राहून विचारता येतो. १९५५ च्या नोव्हेंबरमधला गोळीबार आणि १ मे १९६० यांच्यामधली साडेचार वर्षे वर्गात आधी शिकवून न्या, चौकातल्या वाहनांच्या आवाजात ती सांगून होत नाहीत. शनिवारी सकाळी लवकर पोहोचा, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत जा, आणि पेनऐवजी पेन्सिली द्या.