राजकारणात गेलेल्यांच्या नावाआधीचे 'प्रा.'

एका वाचकाने विचारले आहे की, अध्यापन सोडून राजकारणात गेलेल्या नेत्याच्या नावाआधी 'प्रा.' लिहिणे योग्य आहे का, की तेथे 'माजी प्राध्यापक' असे लिहावे?

शंका रास्त आहे. 'डॉ.' ही पदवीची खूण असल्याने ती आयुष्यभर राहते. 'प्राध्यापक' हे मात्र पद आहे आणि पद सोडल्यावर त्याचा उल्लेखही सुटावा, असे तर्क सांगतो. रूढ मराठीने हा तर्क मानलेला नाही, आणि माझ्या मते तिने योग्यच केले आहे.

प्रा. एन. डी. पाटील यांचेच उदाहरण घेऊ. वाळवा तालुक्यातील ढवळी येथे १९२९ साली जन्मलेल्या पाटलांनी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात काही वर्षे शिकवले. त्यानंतर शेतकरी कामगार पक्षाचे नेते म्हणून ते १८ वर्षे विधान परिषदेत होते, १९७८ ते १९८० या काळात सहकारमंत्री होते आणि १९८५ मध्ये कोल्हापुरातून विधानसभेवर निवडून आले. सीमाप्रश्नापासून कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनापर्यंतचा हा लढा अध्यापनाच्या वर्षांपेक्षा कितीतरी दीर्घ होता. तरीही २०२२ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांचा उल्लेख 'माजी सहकारमंत्री प्रा. एन. डी. पाटील' असाच होत राहिला. या रचनेत 'माजी' हे विशेषण फक्त मंत्रिपदाला लागते, प्राध्यापकीला लागत नाही, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. जे अधिकारपद एकाकडून दुसऱ्याकडे जाते, त्याला आपण 'माजी' जोडतो, कारण तो अधिकार आता त्या व्यक्तीकडे नाही हे वाचकाला कळणे आवश्यक असते. शिकवणाऱ्याविषयीचा आदर मात्र त्याच्या जागी नेमलेल्या माणसाकडे जात नाही.

'सर' हे मूळचे संबोधन असल्यामुळे त्याचा प्रवास थोडा निराळा आहे. १९९५ ते १९९९ या काळात मुख्यमंत्री असलेले मनोहर जोशी शिवसैनिकांसाठी 'जोशी सर'च होते, पण औपचारिक लेखनात हे रूप सहसा येत नाही. 'गुरुजी' हा शब्द याहूनही पुढे गेला आहे: अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० अशी सहाच वर्षे शिकवलेल्या पांडुरंग सदाशिव साने यांच्या बाबतीत तो नावाचाच भाग झाला, इतका की 'साने' एवढेच म्हटले तर ओळख अपुरी वाटते.

म्हणून चरित्रात्मक लेखात पहिल्या उल्लेखाला 'प्रा.' लिहावे आणि पुढे केवळ आडनाव आदरार्थी बहुवचनात चालवावे. 'प्रा. पाटील सर' अशी दुहेरी योजना टाळावी. जेथे नेमके पद सांगायचे असेल, तेथे मात्र संक्षेपावर विसंबू नये: कोणी 'प्रा.' हा संक्षेप प्राचार्यासाठीही वापरतात, आणि विद्यापीठाच्या श्रेणीत सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक ही तीन वेगळी पदे आहेत. तेव्हा पदनाम पूर्ण लिहून सोबत कालावधी द्यावा.