कलमांच्या खोडावरचं दगडफूल: औषध मारायचं नाही

पाऊस संपल्यापासून एकच फोटो सारखा येतोय. हापूसच्या खोडावर राखाडी हिरवट पापुद्रे, कडा वर वळलेल्या, आणि खाली प्रश्न, "साहेब झाड खातंय, काय मारू?" काही मारू नका. देवगड असो राजापूर असो, उत्तर हेच.

हे दगडफूल, म्हणजे लायकेन. मसाल्यात टाकता ते याच्याच घरातलं. बुरशी आणि शेवाळ एकत्र राहतात त्यातून हे होतं, याला मुळं नसतात, झाडाचा रस हे ओढत नाही, सालीवर नुसतं बसतं. पाणी पावसाचं न् धुक्याचं, अन्न आतलं शेवाळ उन्हात बनवतं. आंबोलीच्या, महाबळेश्वरच्या जंगलात खोडं यानं भरलेली असतात, तिथे कोण पंप घेऊन जातं का? गंधकाचा धूर याला सोसत नाही, म्हणजे तुमच्याकडची हवा बरी आहे एवढं समजा. सुपारीवरचे पांढरे चट्टे बहुतेक यातलेच, सोडून द्या.

बांडगूळ वेगळं हां. ते फांदीत घुसतं, रस पितं, ते फांदीसकट कापायचं. पानांवर तांबूस मखमली ठिपके असतील तर ते लाल शेवाळ, तो मात्र रोग, त्याला एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) चालतं.

"पण ज्या कलमावर जास्त आहे तेच वाळतंय" असं बरेच जण लिहितात. उलट आहे ते. झाड आधी थकतं, पालवी विरळ होते, साल उघडी पडते, मग हे पसरतं. खोडाशी भुसा पडलाय का बघा (खोडकिडा), मुळाशी पाणी साचतंय का बघा, आणि कल्टार (मोहोर लवकर यावा म्हणून मुळाशी ओततात ते औषध) दरवर्षी अंदाजाने ओतत असाल तर आधी ते थांबवा.

आता दुकानदार. तो म्हणणार बुरशी आहे, ताम्रयुक्त औषध दुप्पट घ्या, सोबत टॉनिकची बाटली. नका घेऊ. लेबलवर जे प्रमाण आहे त्याच्या वर एक ग्रॅम नाही. तांबं जमिनीत साठतं, कुठे जात नाही, आणि मेलेलं दगडफूलही महिनोन् महिने तसंच चिकटून राहतं, मग तुम्ही म्हणणार फरक पडला नाही अन् परत डोस वाढवणार. एकाने खोडावर तणनाशक मारायला सांगितलं म्हणे, दुसऱ्याने रॉकेल. दोन्ही साल जाळतात. कोयत्याने खरवडायचंही नाही, जखमेतून खोडकिड्याला आयती वाट मिळते. आणि मोहोर आल्यावर तर हे असलं काही फवारायचंच नाही, मोहोर करपतो, माश्या-मधमाश्या जातात, मग फळ कुठून धरणार? परत सांगतो, दुकानदाराचं ऐकून डबल डोस नाही.

करायचं ते एकच, छाटणी. जुन्या दाट बागेत पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात मधली उभी फांदी काढा, वाळकी काढा, हवा खेळू द्या, शेणखत द्या, झाड जोमात आलं की दगडफुलाकडे बघायची गरज राहत नाही. कापल्या जागी लगेच बोर्डो पेस्ट लावा, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. प्लॅस्टिकच्या भांड्यात, त्याच दिवशी संपवायची. लोखंडी पातं बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. माझं ऐकाल तर औषधाचे पैसे छाटणीच्या मजुरीला घाला.

जुन्या बागेच्या पुनरुज्जीवनाला अनुदान असतं, महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या योजनांचं पोर्टल) बघा, सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या, बाकी सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा.

सावंतवाडीहून विचारलंय, बागेतलं दगडफूल काढून मसाल्याला वापरू का. फवारलेल्या बागेतलं नको, ते अंगावर पडेल ते सगळं शोषून धरतं, औषधातलं तांबंसुद्धा. आणि वनखात्याच्या हद्दीतलं परवानगीशिवाय काढायचं नाही.