टायगर वुड्स आला नाही म्हणून अमेरिकेतल्या कोलोरॅडोची ‘द इंटरनॅशनल’ गोल्फ स्पर्धा बंद पडली, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे भाऊ.

आधी सांगतो, मी नागपूरचा, गोल्फ कधी खेळलो नाही. एकदा कामठीला ओळखीच्या एका फौजी काकांनी हातात स्टिक दिली होती तेव्हा बॉल जागेवरच राहिला आणि माती उडाली, एवढाच माझा अनुभव. पण २००२ च्या ऑगस्टमध्ये रात्री अडीच-तीनला झोप येत नव्हती म्हणून केबलवर चॅनल फिरवत होतो तर ही मॅच लागलेली, आणि स्कोअर बघून डोकंच चक्रावलं, कारण गोल्फमध्ये कमी स्कोअरवाला जिंकतो आणि इथे जास्तवाला पुढे!

नंतर कळलं की तिथे फटके मोजतच नव्हते, पॉइंट मोजायचे. पार म्हणजे त्या होलसाठी ठरवून दिलेले फटके, त्याला शून्य; बर्डी म्हणजे एक फटका कमी, तिला २; ईगल म्हणजे दोन कमी, त्याला ५; डबल ईगल म्हणजे तीन कमी, त्याला चक्क ८. बोगी म्हणजे एक फटका जास्त झाला तर उणे १, आणि डबल बोगी म्हणजे दोन जास्त किंवा त्याहून वाईट काहीही झालं तरी उणे ३ च. म्हणजे बघा, एका होलवर बर्डी आणि दुसऱ्यावर बोगी, नेहमीच्या हिशोबात ते दोन पारइतकंच, पण इथे एक पॉइंट खिशात. त्यामुळे जपून खेळणाऱ्याचं नुकसान आणि तलवार काढून सुटणाऱ्याची मजा. गल्ली क्रिकेटमध्ये आपण नियम बनवतो ना, तसलं डोकं होतं हे, फक्त करोडोंच्या बक्षिसावर.

हे डोकं जॅक विकर्स नावाच्या माणसाचं. त्यांनी डेन्व्हरजवळ कॅसल पाइन्स क्लब उभा केला, कोर्स जॅक निकलॉसकडून बनवून घेतला आणि १९८६ ला स्पर्धा सुरू केली, पहिला विजेता केन ग्रीन. जागा ६००० फुटांच्या वर, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या दीडपटीहून उंच, हवा विरळ, बॉल लांब जातो. मिकेलसन आणि डेव्हिस लव्ह दोघंही इथे दोन-दोनदा जिंकलेत, एर्नी एल्सने २००० मध्ये ४८ पॉइंट काढले होते.

त्या रात्री मी जे पाहिलं ते मात्र विसरत नाही. स्टीव्ह लोअरीने १७ व्या होलवर डबल ईगल मारला, एका झटक्यात ८ पॉइंट! मी ओरडलो तर बाबा उठून आले, म्हणे कोण आउट झालं. मग १८ व्यावर त्याचा बर्डीचा पट (बॉल होलमध्ये ढकलायचा हलका फटका) चुकला आणि रिच बीम ४४-४३ ने जिंकला. त्याच महिन्यात बीमने पीजीए चॅम्पियनशिप (गोल्फच्या चार सर्वात मोठ्या स्पर्धांपैकी एक) पण मारली, शेवटच्या चारही होलवर बर्डी करणाऱ्या टायगरला एका फटक्याने मागे टाकून.

आता तुमचा मुद्दा. टायगर १९९९ नंतर तिथे परत गेला नाही हे खरं आहे. टायगर नाही म्हणजे टीव्हीवर बघणारे कमी, बघणारे कमी म्हणजे टायटल स्पॉन्सर (ज्याचं नाव स्पर्धेला लागतं तो) पैसे काढायला तयार नाही, ही साखळी होतीच. पण त्यात २००७ ला फेडेक्स कप, म्हणजे अमेरिकन टूरची सीझनभर गुण मोजणारी नवी स्पर्धा आली, सगळं वेळापत्रक हललं आणि ऑगस्टची ही स्पर्धा जुलैच्या पहिल्या आठवड्यात ढकलली गेली. स्पॉन्सर काही मिळाला नाही आणि फेब्रुवारी २००७ मध्ये विकर्स यांनी दुकान बंद केलं. शेवटची २००६ ची, डीन विल्सनने प्लेऑफमध्ये टॉम लेहमनला हरवून घेतलेली. माझ्या मते टायगर हे एक कारण, पण स्पॉन्सर आणि तारीख दोन्ही धड असते तर त्याच्याशिवायही चाललं असतं. पॉइंटच्या पद्धतीला दोष देणारे पण भेटतात, ते मला पटत नाही, २०१२ पासून अमेरिकेतल्याच रीनोच्या गोल्फ स्पर्धेने तीच पद्धत उचलली ना.

आणि गंमत ऐका, रिकामा झालेला तो आठवडा कोणाला मिळाला? वॉशिंग्टनच्या नव्या स्पर्धेला, यजमान खुद्द टायगर! ती पण २०१८ ला बंद पडली राजेहो.

कॅसल पाइन्सवर २०२४ ला बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप झाली, कीगन ब्रॅडली जिंकला, पण नेहमीसारखे फटके मोजून. मी मोबाईलवर थोडी बघितली. खेळाडूंना तिथला प्रसिद्ध मिल्कशेक मात्र मिळाला, तो जुन्या स्पर्धेपासून चालत आलाय.